म्हातारी बसली नाही

म्हातारीनं बाकाखालच्या निळ्या पिशवीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. शेपूट हलवत ती हवालदाराकडे परत आली. बसली नाही.

हवालदाराच्या जिवात जीव आला. म्हातारी ही बॉम्बशोधक पथकातली कुत्री. स्फोटकाचा वास आला की भुंकायचं नाही, पंजा लावायचा नाही, गपचूप खाली बसायचं, हे तिचं शिक्षण. उगाच ती कधी बसली नव्हती. पण नाक थकलंय, असं डॉक्टर म्हणाले होते आणि आज तिचा नोकरीतला शेवटचा दिवस होता.

"नक्की ना?" साहेबांनी दारातून विचारलं. "सगळं बसस्थानक बाहेर उभं आहे. तुझी लेकसुद्धा."

लेक इथंच तिकीट खिडकीवर कामाला होती.

"माझ्यावर नका ठेवू विश्वास, साहेब. हिच्यावर ठेवा."

जाड चिलखतातल्या माणसानं पिशवी हळूच उघडली. आत लहान मुलाचा स्वेटर निघाला आणि दोन टोपडी.

साहेब भिंतीला टेकून हसत सुटले. "ऐन उन्हाळ्यात स्वेटरनं घाम काढला की रे!"

बाहेर आवारात बातमी पोचली तशा टाळ्या पडल्या. बायकांनी पोरांना पोटाशी धरलं. उन्हात ताटकळलेले लोक पाणीवाल्याच्या हातगाडीभोवती दाटले. पिशवी पहिल्यांदा त्यालाच दिसली होती. त्यानंच ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं होतं, आणि आता तो बाटल्या फुकट वाटत होता.

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचं निभतं."

"माझं कसलं कौतुक, साहेब? घ्या, पाणी घ्या." त्यानं गर्दीकडे पाहिलं. "बाटल्या संपत आल्या. तेवढी गाडीवर नजर ठेवा, मी आणखी घेऊन येतो."

तो कोपऱ्यावरून वळला.

हवालदार म्हातारीला घेऊन बाहेर आला, तेव्हा लेक हातगाडीला टेकून पाणी पीत होती. "बाबा, आईनं हिच्यासाठी गादी धुऊन ठेवलीय. माझी गादी!"

"तू इतकी वर्षं नेमानं ड्यूटी कर, मग तुझीही धुवेल."

"बघा हं, आता घरात हिचाच हुकूम चालणार."

"आत्ता कुणाचा चालतो, तुझा?"

दोघं हसली. हवालदारानं खिशातून लाल चेंडू काढला. काम फत्ते झालं की म्हातारीला तो मिळायचा. चेंडू दिसला की ती पिल्लासारखी उड्या मारायची.

"घे गं बाई. सुटलीस एकदाची."

त्यानं चेंडू सोडला. तो घरंगळत दूर गेला. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं हातगाडीच्या चाकाशी नाक नेलं, आणि ती गपचूप खाली बसली.