आठव्या भागापासून

रोबोट गप्प बसला, तेव्हा टेलर मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

आतापर्यंत तो कधी गप्प बसला नव्हता. डबडू त्याचं नाव. लहान मुलांच्या मालिकेतला, पत्र्याच्या पोटाचा, चाकांवर पळणारा रोबोट. पहिल्या सात भागांत त्याने नुसता उपदेश केला होता. खरं बोला, वाटून खा, मोठ्यांचं ऐका. या आठव्या भागात एक मुलगी जिन्याखाली रडत बसली होती. डबडू तिच्याजवळ गेला, त्याने तोंड उघडलं आणि तो काहीच बोलला नाही. तिला कुणी बघू नये म्हणून त्याने आपल्या डोळ्यांतले दिवे मंद केले.

"अगं, बघितलंस?" मास्तर बायकोला म्हणाले. "पोरगं सुधारलं!"

बायको शर्टाला बटणं लावत होती. तिने मान वर केली नाही. "बघा तुम्ही," एवढंच म्हणाली.

मालिका लिहिणारा त्यांचा मुलगा होता. पहिला भाग घेऊन तो मुद्दाम घरी आला होता. शिवणाच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर त्याने लॅपटॉप मांडला, आईवडिलांना समोर बसवलं, आणि स्वतः पडद्याकडे न बघता वडिलांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. भाग संपला. मास्तरांनी चष्मा काढला.

"शिवण दिसते," ते म्हणाले. "रोबोट कसला हा, शाळेतला सुविचारांचा फळा आहे."

दुसऱ्या कुणी शिवलेला कोट अंगावर नीट बसला नाही, तर ते असंच सांगायचे. त्यात राग नव्हता. पण मुलगा कसंनुसं हसला, लॅपटॉप मिटला, आणि मुक्कामाला आलेला तो संध्याकाळच्याच गाडीने परत गेला. त्यानंतर त्याचे फोन फक्त आईला यायचे. "बाबा बरे आहेत ना?" असं तो विचारायचा. मास्तर शेजारीच असायचे. फोन आपल्या हातात येईल म्हणून पायाखालचं मशीन थांबवून बसायचे. यायचा नाही.

शेवटी त्यांनी मालिका बघायला घेतली. पुन्हा कधी बोलणं झालंच, तर बोलायला काही हवं. पहिले सात भाग त्यांनी कडू औषध गिळावं तसे गिळले. आठव्यापासून मात्र मोबाइल दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ते काम सोडून बघू लागले. गिऱ्हाईक आलं तर "दोनच मिनिटं" म्हणत त्याला स्टुलावर बसवायचे, आणि मग तेही बघत बसायचं. विनोद आता ओढूनताणून आणलेले नव्हते. डबडू चुकायचा, घाबरायचा, एकदा तर चक्क थाप मारून पकडला गेला. लिहिणाऱ्यांची नावं शेवटी यायची, पण ती वाचायच्या आत पुढचा भाग आपोआप सुरू व्हायचा. मास्तरांना नाव वाचायची गरजही नव्हती.

मग एका भागात एक म्हातारा कारागीर आला. त्यानेच डबडूला जोडलं होतं, आणि त्यानेच एकदा त्याला भंगार म्हटलं होतं. डबडू निघून गेला होता. म्हातारा रोज कारखान्याचं दार उघडं ठेवून बसायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, वारा येतो म्हणून.

मास्तरांनी भाग तिथेच थांबवला. पुढचं त्यांना दिसेना.

"माझ्यावरच लिहिलंय त्याने," ते म्हणाले. "तुझा फोन दे इकडे."

बायकोच्या हातातली सुई थांबली. "अहो, आधी माझं ऐका जरा..."

पण पलीकडे घंटी वाजत होती.

"हां, आई."

"मी बोलतोय." मास्तरांनी घाईघाईने सगळं एका दमात सांगून टाकलं. "मालिका बघितली. सगळी. आठव्या भागापासून तुझा हात बसला बघ. शिवण शोधूनही सापडत नाही. आणि तो म्हातारा... कळलं मला. त्या दिवशी मी जे बोललो ना..."

"बाबा," मुलगा म्हणाला, "सातव्या भागानंतर मला काढलं. आता दुसरीच कुणी लिहिते. तुम्ही म्हणालात तेच मालिकावालेही म्हणाले, फक्त जरा गोड भाषेत."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं.

"मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "सांगितलं असतं, तर तुम्ही बघायचं सोडलं असतंत."

"मग पहिलेच भाग बरे होते," मास्तर फोनमध्ये म्हणाले.

मुलगा खळखळून हसला. त्याचं असं हसणं मास्तरांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. "राहू द्या, बाबा. तुम्हाला नाही जमत खोटं बोलायला." मग त्याचा आवाज उतरला. "आठवा भाग लावायला घेतला होता मी. हात नाही धजला. त्यानंतरचा एकही बघितला नाही. इतके चांगले झालेत?"

"झालेत," मास्तर म्हणाले. दुसरं काही त्यांना म्हणवेना.

"मग सांगा ना. काय काय झालं?"

मास्तर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि सांगू लागले. नीट जमत नव्हतं. आधीचं नंतर येत होतं, नंतरचं आधी. मुलगा लहान असताना घरात गोष्टी सांगायची ती त्याची आई. त्या वेळी मास्तर मशीनवर असायचे, आणि त्यांचं मशीन थांबेपर्यंत पोरगं झोपलेलं असायचं. एका जागी ते अडखळले. कितीही डोकं खाजवलं तरी पुढचं आठवेना.

"मग?" पलीकडून आवाज आला. "पुढे काय झालं, बाबा?"