निळा ठिपका

"मावशी, हल्ली कुपी फार जवळ धरता तुम्ही," जया म्हणाली.

मंजुळाने हातातली कुपी वीतभर लांब धरली, काळ्या-पांढऱ्या पाटीसमोर फिरवली आणि चांगल्यांच्या खोक्यात ठेवली. आपण जवळ धरतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

मानपाड्याच्या त्या कंपनीत जिवाणू वाढवून त्यांच्याकडून औषध करून घेत. औषध कुपीत भरलं, की शेवटी ते कुणीतरी डोळ्यांनी बघावंच लागे. अकरा वर्षं ते काम मंजुळाकडे होतं. ती खोपटहून एसटीने यायची, पांढरी टोपी चढवायची आणि मासळी पारखावी तशा कुप्या पारखायची. कोळणीला ताजं-शिळं शिकवावं लागत नाही, असं म्हणायची.

मागच्याच महिन्यात काचेची कुसळं दिसली म्हणून तिने अख्खी बॅच अडवली होती. मालकांनी, म्हणजे अण्णांनी, सगळ्यांसमोर तिचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. "मंजुळेला नारळ दिला गो," म्हणून बाया दिवसभर खिदळत होत्या.

जया तिथली नवी व्हॅलिडेशन इंजिनीअर. बायांच्या जिभेला तो शब्द वळेना, म्हणून त्या तिला वेलदोडा मॅडम म्हणत. एखादं यंत्र जे करतं म्हणतात ते खरोखर करतं का, हे पुराव्यानिशी दाखवायचं, हे तिचं काम. वाफेच्या भट्टीत अठरा ठिकाणी तापमापक लावून ती दिवसभर आकडे लिहीत बसे. अंदाजाने काही बोलत नसे. चटणी तिखट आहे का, असं विचारलं तरी क्षणभर थांबून उत्तर देई. तिला अजून कायम केलेलं नव्हतं.

आता परदेशी गिऱ्हाइकाला माणसांच्या डोळ्यांचंही व्हॅलिडेशन हवं होतं. शंभर कुप्या, त्यात दहा मुद्दाम मिसळलेल्या बाद. निदान नऊ सापडल्या पाहिजेत, नाहीतर त्या टेबलावरून उठायचं.

मंजुळाच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या आईची नजर याच वयात गेली होती आणि घरात मिळवती ती एकटीच होती.

चाचणीच्या सकाळी जया तिच्या शेजारी येऊन टेकली. मंजुळाच्या डब्यातली बोंबलाची चटणी रोज खाणारी पोर.

"दहा कुप्यांच्या बुडाला निळा ठिपका आहे," ती हळूच म्हणाली. "याहून जास्त मला सांगता येणार नाही."

मंजुळाने तिचा हात घट्ट दाबला. "बाय माझी."

ठिपक्याची पहिली कुपी सातवी आली. मंजुळाने ती काळ्यासमोर फिरवली, पांढऱ्यासमोर फिरवली. आत काहीच नव्हतं. तिने ती बादमध्ये ठेवली. मग बिनठिपक्याच्या एका कुपीत खवल्यासारखं काहीतरी चमकलं, गिरकी घेऊन खाली बसलं. तिने डोळे चोळले. ठिपका नाही, म्हणजे कुसळ आपल्याच डोळ्यात असणार. ती कुपी चांगल्यांत गेली.

शेवटपर्यंत तसंच होत गेलं. ठिपका असेल तिथे स्वच्छ पाणी, ठिपका नसेल तिथे मधूनच कुसळ. शंभरावी कुपी तिने खोक्यात ठेवली.

ती उठून जयाच्या टेबलापाशी गेली.

"ठिपक्याच्या दाही काढल्या. पन मना एकीतपन काय दिसला नाय. आन् नाय तिथं दिसतंय." तिने डोक्यावरची टोपी काढली. "ही सुई पोराबाळांना टोचतात गो. मना हितं नको बसवू."

जयाने खणातून टाइप केलेला कागद काढला. मंजुळाने अक्षरं जुळवत तो वाचला. गेल्या महिन्यापासून मला नीट दिसत नाही, त्या काळातली माझी तपासणी ग्राह्य धरू नये, मी स्वखुशीने काम सोडत आहे. गेला महिना कशाला, असं तिच्या मनात आलं. पण शिकलेली पोर, विचार करूनच लिहिलं असणार. तिने सही केली आणि जयाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

फाटकाशी सकाळपासून उभ्या असलेल्या टेम्पोत आता खोकी चढत होती. तिनेच अडवलेली बॅच. तिच्या लाल चिठ्ठ्यांवर हिरव्या चिकटवल्या होत्या. बरं झालं, मंजुळाला वाटलं. माझ्या फुटक्या डोळ्यांपायी उगाच अडकलं होतं.

मग तिला डबा आठवला. ती मागे फिरली.

जया मंजुळाच्याच टेबलाशी बसली होती. बिनठिपक्याच्या दहा कुप्या वेगळ्या काढून तिने लाल कागदावर मांडल्या होत्या. एकीतलं कुसळ मंजुळाला दारातूनही दिसलं. ठिपक्याच्या कुप्या जया एकेक करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होती आणि चांगल्यांच्या खोक्यात ठेवत होती.

"जया," मंजुळा म्हणाली, "त्या बाद हायेत ना गो?"

जयाने वर पाहिलं, क्षणभर थांबली.

"असं मी कधी म्हटलं, मावशी?"