बुजवलेलं धुराडं

तीन हिवाळे झाले, माझा नवरा, तोर्लाइफ, घरासाठी फायरप्लेस निवडतोच आहे. अकरा खोल्यांचं घर, बाहेर उणे अठरा, आणि हा पुस्तिका चाळत बसतो: ओतीव लोखंडाची घ्यावी की दगडी? मी आपली घरभर ओरडत फिरते, “दार लावा, ऊब जातेय!”

आज गुन्वोर धुराडं तपासायला आली. गावातली सगळी धुराडी तीच साफ करते. छपरावरून उतरली ती तणतणतच.

“पेटत्या धुराड्यावर चढवता होय मला? हात भाजला की!”

“अगं, पेटवणार कशात? जुनी शेगडी सासूबाईंनीच काढून टाकली. खालचं तोंड विटांनी बुजवलंय.”

तिनं लालबुंद तळवा माझ्या नाकासमोर धरला. माझं डोकंच फिरलं. फायरप्लेसच्या आधीच आणून रचलेली बर्चची लाकडं रोज कमी होत होती, आणि मी शेजाऱ्यांना शिव्या घालत होते!

“मला गारठवून कुठं शेकत बसतोस रे?” मी तोर्लाइफवर खेकसले.

“आईशप्पथ, मी नाही गं!”

हातोडा घेऊन मी तरातरा दिवाणखान्यात गेले. बुजवलेली भिंत गरम होती. चार घाव घातले तशी एक वीट निखळली. आत लालसर उजेड होता.

“कितीदा सांगायचं?” आतून माझाच वैतागलेला आवाज आला. “दार लावा, ऊब जातेय!”