दोन काळ्या रेघा

बाज्याच्या कुऱ्हाडीवरचा डाग सरकारी डॉक्टरनं पाण्यात कालवला, बाटली उन्हात धरली आणि उजेडाचे रंग सुटे करणाऱ्या पितळी नळीतून पाहिलं. उजेडाच्या सात रंगांत दोन काळ्या रेघा दिसल्या. म्हणजे रक्तच. तेवढ्यावर गोऱ्या जज्जानं खुनासाठी बाज्याला फाशी सुनावली.

डोंगरातल्या मोलगी गावाहून चालत आलेली त्याची बायको कालीबाई दवाखान्याच्या दारातून हलेना.

"देवाला बोकड दिला, त्याचं रक्त ते. अख्ख्या गावानं खाल्ला."

"असेल."

"एवढी हुशार नळी तुझी, मग सांग ना, बोकडाचं का माणसाचं?"

"ते नळीला कळत नाही, बाई. दोन्हींच्या रेघा सारख्याच."

"हे तू जज्जाला सांगितलंस?"

डॉक्टरनं नळी पुसून पेटीत ठेवली.

"त्यानं विचारलं, रक्त आहे का? मी म्हटलं, आहे. पुढचं त्यानं विचारलंच नाही."