पोलंडमधले तीस दिवस

मुलगा निषाद अपघातानंतर पोलंडच्या इस्पितळात बेशुद्ध होता. त्याच्याजवळ महिनाभर राहता यावं म्हणून भालचंद्र रोजचा खर्च मांडत बसले होते. खोलीचं भाडं, ट्रामचा पास, दूध, पाव.

“मी दिवसातून एकदाच जेवेन,” त्यांची बायको शैलजा म्हणाली, “पण महिना पुरा राहू. माझा आवाज ऐकला की डोळे उघडेल तो.”

तेवढ्यात निषादच्या तिथल्या मित्राचा फोन आला. “काका, गेला तो.”

हिशेबाचा कागद बाजूला सारून भालचंद्रांनी विचारलं, “त्याला घरी आणायला किती लागतील?”

मित्राने सांगितलेला आकडा त्यांच्याजवळच्या पैशांच्या तिप्पट होता.

“अंत्यविधी तिथेच करायला सांगतो,” शैलजाकडे न बघता ते म्हणाले.

तिने त्यांचा हात घट्ट धरला. “नको हो. तिथे बर्फ पडतोय. त्याला थंडी सोसत नाही.”