घर शिकतं

“येते हं,” कुलूप लावताना मी सवयीने रिकाम्या घराला म्हणाले. अंगणात पपया उतरवणाऱ्या घरमालकीणबाई दचकल्या. “आमच्या बेटावर रिकाम्या घराशी बोलत नाहीत. घर शिकतं.”

मी हसले. “आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात,” त्यांना समजावलं. या परक्या मुलखात सांगून निघायला मला दुसरं होतं तरी कोण?

रोज म्हणत राहिले. हळूहळू दिवेलागणीला परतताना खिडकीत मी न लावलेला दिवा दिसू लागला. मग मात्र घाबरून कायमचं परतीचं तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी परदेशी रहिवाशाचं कार्ड परत केलं, बॅग उचलली, कुलूप लावलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाले, “जाते.”

आतून माझ्याच आवाजात, समजावल्यासारखं उत्तर आलं, “आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत.”