मागे लागलेला एस

लीलाधर अंगणात फोनवर बोलत होता आणि दुर्गेश्वरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान लावून उभी होती. फोडणी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

पलीकडे नागपूरचा चंद्रकुमार होता, लीलाधरचा कॉलेजपासूनचा दोस्त. लीलाधर गोंदियात इंग्लिश स्पीकिंगचा क्लास चालवायचा. बायकोला कळू नये असं काही असलं, की तो दोस्ताशी इंग्रजीत बोलायचा.

आजही तेच. "शी" आलं. मग "हर" आलं. मग हसणं आलं, गालातल्या गालात, जसं तो लग्नाच्या नव्या नवलाईत हसायचा. आणि मग दोन शब्द स्पष्ट ऐकू आले: "माय वाइफ्स."

पुढचं मोटारसायकलच्या आवाजात बुडालं.

'शी' कोण, हे दुर्गेश्वरीनं कधीच ठरवून टाकलं होतं. गुंजन. क्लासमधली, लांब वेणीची पोरगी. ती क्लासात आली आणि लीलाधर केसांना रंग लावायला लागला, शर्टावर अत्तर मारायला लागला. वेणी डोळ्यांपुढे आली, की दुर्गेश्वरीच्या छातीत चुलीवरच्या आधणासारखं काहीतरी खदखदायचं. तिनं गजरा माळून पाहिला, नवी साडी नेसून पाहिली. लीलाधरनं "कुठं चालली?" एवढंच विचारलं.

म्हणून तर ती चोरून इंग्रजी शिकत होती. शिकवणारी रुची समोरच्याच खोलीत भाड्यानं राहायची, कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीची टीचर होती. दुर्गेश्वरीनं तिला खरं कारण सांगितलं नव्हतं. "मोबाईलवरचं वाचता येत नाही," एवढंच म्हणाली होती. रुचीनं लगेच हो म्हटलं. स्वभावानं फार चांगली. दुर्गेश्वरी भाताच्या रोवणीसाठी माहेरी, कामठ्याला गेली, की घराची चावी तिच्याकडेच असायची.

"माय पोळपाट," रुची पोळपाट उचलून शिकवायची. "अन् हा पोळपाट इज माइन. 'माय'ला पुढे वस्तू लागते, भाभी. 'माइन' एकटाच उभा राहतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्गेश्वरीला राहवलं नाही. तिनं रुचीला सगळं सांगून टाकलं. फोन, हसणं, 'शी', 'हर'.

"अन् वाइफ्स म्हणजे काय व?" तिनं विचारलं.

रुचीच्या हातातला चहा बशीत सांडला. तिनं तो परत कपात ओतला.

"बुक, बुक्स. तसंच वाइफ, वाइफ्स. म्हणजे... बायका."

"बायका? मी त एकटीच हावो!"

"म्हणूनच तर म्हणतेय, भाभी." रुचीनं तिचा हात दाबला. "गुंजनच असेल. आज तिचं साक्षगंध आहे ना? जा. सगळ्यांसमोर विचारा. पोरगी खोटं नाही बोलू शकणार."

दुर्गेश्वरी तडक निघाली. लीलाधरला फोन करून म्हणाली, "मी साक्षगंधाले जाऊन राहिली. याले रात होईन."

"आरामात ये," तो म्हणाला.

गुंजनच्या दारात साखरपुड्याचा मांडव होता. पाहुणे जेवत होते, नवरदेव ओमेश मित्रांच्या घोळक्यात लाजत होता. तोंडात शिव्या गोळा करूनच दुर्गेश्वरी आत शिरली. पण गुंजननं तिला पाहिलं आणि धावत येऊन पाया पडली.

"काकू! सर नाही आले?"

त्या चेहऱ्याकडे पाहून सगळ्यांसमोर विचारणं दुर्गेश्वरीला जमेना. तिनं पोरीला आतल्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं.

"खरं सांग. माह्या नवऱ्याच्या फोनवरची 'शी' तूच हायेस ना?"

गुंजनचे डोळे भरून आले. "काकू, काऊन असं बोलून राहिल्या? माझ्या वडिलांसारखे आहेत ते. वेळेवर फी नव्हती, तरी त्यांनी क्लासात बसू दिलं मले."

"मंग त्याच्या बायका कोणत्या? माय वाइफ्स म्हणत होता तो!"

गुंजनला रडतारडता हसू फुटलं. "वाइफ्स म्हणजे बायका नाही हो. त्याले वाइव्ह्ज म्हणतात. हा एस मागे लागला का 'चा, ची, चे'. ओमेशेस मदर, ओमेशची आई. माय वाइफ्स साडी, माझ्या बायकोची साडी. सर तुमच्याचबद्दल बोलत असतील."

दुर्गेश्वरी खाटेवर बसली. साडी. बायकोची साडी. अंगातला ताप उतरावा तसं तिला हलकं वाटलं, आणि मग लाज वाटली. या पोरीचं लग्न ती आज मोडायला निघाली होती. रुचीही कमालच म्हणायची, शाळेत शिकवते अन् एवढं चुकते!

तिनं स्वतःच्या बोटातली चांदीची अंगठी काढून गुंजनच्या बोटात घातली, तिला पोटाशी धरलं आणि जेवायलाही थांबली नाही. कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. वाटेत तिनं लीलाधरच्या आवडीची जिलबी घेतली. ऑटोत बसून ती पुटपुटत राहिली. माय वाइफ्स साडी. माय वाइफ्स घर. माय वाइफ्स हसणं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. फाटक उघडंच होतं. लीलाधर अंगणात पाठमोरा, खुर्चीवर पाय पसरून फोनवर बोलत होता. तिनं चपला बाहेरच काढल्या. मागून जाऊन त्याचे डोळे झाकावेत, असं तिच्या मनात आलं.

तो मान मागे टाकून मोठ्यानं हसला. आज रस्त्यावर एकही गाडी नव्हती. पहिल्यांदाच तिला त्याचं अख्खं वाक्य ऐकू आलं, आणि पहिल्यांदाच त्यातला शब्द न् शब्द कळला.

"चंदू, माय वाइफ्स टीचर इज माइन."